सगळा हॉल पळाला त्या दुपारी

उदगीरच्या एसटी स्टँडवर आप्पांनी माझी पत्र्याची पेटी स्वतः बसच्या टपावर चढवली. धान्याच्या मोंढ्यात त्यांचं आडतीचं दुकान होतं. दिवसभर हमालांच्या पाठीवरून तूर-हरभऱ्याची पोती यायची-जायची, पण आप्पांनी स्वतः एखादं पोतं उचललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मात्र टोपी खिशात घालून शिडी चढले, पेटी दोरीने आवळली आणि खाली उतरून हात झटकत म्हणाले, "लातूर काय लांब हाय व्हय? दोन तासाचं तर काम." अव्वाने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. तिचं एकच पालुपद चाललं होतं, "दाराजवळ झोप. डोक्यावर काय हाय ते बघून झोप." भूकंपाला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती, तरी आमच्याकडे निरोप देताना लोक असंच बोलायचे. दुसरीकडच्या आया पोरांना वेळेवर जेव म्हणतात, आमच्या आया छत बघून झोप म्हणत.

बस हलल्यावर आप्पा खिडकीशी आले आणि बरोबर चालत चालत म्हणाले, "डाक्टर न्हाई तर इंजिनेर. दोन्हीतलं एक होऊनच ये." मी इंजिनिअर झालो. यायचं तेवढं राहून गेलं.

आता हे सगळं लिहायला बसलो, त्याला आपला दहावीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कारणीभूत आहे. तुमच्यातले निम्मे उदगीर-लातूर-नांदेडला राहिलात आणि निम्मे माझ्यासारखे पेटी घेऊन जे निघालात ते निघतच राहिलात. पण 'पळापळ' बँडचं काही आलं की दोन्हीकडचे मिळून माझ्या मागे लागता. "मन्मथ, तू होतास ना त्यांच्यात? लिही की काहीतरी!" आपल्या लातूरची पोरं टोकियोत वाजवतात, लंडनला वाजवतात, त्यांच्या गाण्यांवर गोरी माणसं उड्या मारतात, याचा तुम्हाला अभिमान आहे. मलाही आहे. पण मी इतकी वर्षं टाळत आलो, कारण जी गोष्ट तुम्ही सगळे हसत हसत फॉरवर्ड करता, त्यात माझे आप्पा खाली पडलेले आहेत आणि ते कुणाला दिसत नाहीत.

तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

लातूर त्या काळात पोरांनी फुगलं होतं. बारावीला लातूरची पोरं बोर्डात येतात ही बातमी मराठवाडाभर झाली होती, आणि ज्याच्या घरात दहावी पास पोरगं आहे तो त्याला उचलून लातुरात आणून टाकत होता. सकाळी साडेपाचला फिजिक्स, मग कॉलेज, मग केमिस्ट्री, मग गणित. एका क्लासला तीन-तीनशे पोरं. मागच्या बाकावरून सर काडेपेटीएवढे दिसायचे. आम्ही एका खोलीत चौघे राहायचो आणि आमच्यात भांडण फक्त एका गोष्टीवरून व्हायचं, दाराजवळची जागा कुणाची. चौघेही आपापल्या आईला शब्द देऊन आलेले.

शिवराज त्या खोलीत होता. देगलूरचा. अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलणारा, अंगाने काटकुळा आणि आवाजाने बैल. त्याने बापाच्या मागे लागून गिटार आणली होती आणि क्लासच्या नोट्स चालीवर पाठ करायचा. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा एक अख्खा धडा मला आजही त्याच्या चालीत येतो, त्याचा उपयोग काही झाला नाही. दुसरा नझीर. तो क्लासमधला, लातूरचाच. त्याच्या घरची लग्नाची बँड पार्टी होती, वरातीत ताशा वाजवून त्याचे हात असे तयार झाले होते की बाकावर पेन आपटला तरी लोक मान हलवायचे. हे दोघे एकमेकांना भेटले आणि तिथूनच सुरू झालं सगळं. तिसरा मी, कारण तिसरा कुणीतरी लागत होता.

नांदेडला एक ऑर्केस्ट्रा बंद पडला होता आणि त्याच्या मालकाकडे एक बेस गिटार धूळ खात पडली होती. आम्ही तिघे एसटीने जाऊन ती घेऊन आलो. शिवराज म्हणाला, "हिला चारच तारा हायत, तुला जमतंय." माझी निवड कशी झाली ते एवढंच. पण पहिल्यांदा तार ओढली आणि तो जाड, खालचा आवाज पोटात उतरला, तेव्हा मला कळलं की मी फिजिक्सच्या क्लासला यापुढे शरीरानेच हजर असणार. खोटं कशाला बोलू, आयुष्यात तेवढा आनंद मला परत कशाने झाला नाही. पहिल्या पगाराने नाही, जर्मनीच्या व्हिसाने नाही.

सराव नझीरच्या घरामागे चालायचा. भूकंपात त्यांच्या घराच्या भिंतीला भेग गेली, म्हणून त्यांनी अंगणात पत्र्याचं शेड ठोकलं होतं आणि दोन वर्षं सगळं घर त्यातच राहिलं. नंतर माणसं घरात परतली, शेड राहिलं. त्यात आम्ही वाजवायला लागलो की पत्रे थडथडायचे. पहिल्या दिवशी आम्ही दहा मिनिटं वाजवलं आणि बाहेर येऊन बघतो तर सगळी गल्ली रस्त्यावर. म्हाताऱ्या माणसांना खाटेसकट बाहेर आणलेलं. एक बाई तव्यावरची भाकरी हातात घेऊन उभी. कुणी रागावलं नाही, ते जास्त वाईट होतं. आम्ही गाणं वाजवतोय म्हटल्यावर माणसं नुसती खाली बसली आणि मोठमोठ्याने श्वास घ्यायला लागली.

तेव्हापासून नझीरच्या अम्मीने नियम घातला. वाजवायच्या आधी एकाने गल्लीतून फिरून यायचं आणि दारादारांत सांगायचं. हे काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज सगळ्यात सभ्य. "पोरं वाजवायलीत, भूकंप न्हाई," एवढं वाक्य घेऊन मी रोज संध्याकाळी वीस-पंचवीस घरं फिरायचो. हळूहळू लोक मला बघूनच म्हणायचे, "हाव, कळालं, जा." एक आजोबा मात्र रोज विचारायचे, "आन खराच आला तर?" मी म्हणायचो, "खरा आला तर आम्ही थांबतो, आजोबा." पुढे शिवराजने हे संभाषण एका गाण्यात जसंच्या तसं घेतलं. तुम्ही ज्याच्यावर नाचता तेच ते गाणं.

आप्पांना बातमी लागायला दोन महिने लागले. मोंढ्यात बातमी पोत्याबरोबर येते. कुणीतरी सांगितलं, तुमचं पोरगं बँडवाल्याकडे बसतंय. आप्पा दुसऱ्या दिवशी खोलीवर हजर. ओरडतील असं वाटलं होतं, पण ते खाटेवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "वाजवतोस म्हणं. काय वाजवतोस?"

"बेस."

"म्हंजी?"

"म्हणजे खालचा आवाज, आप्पा."

"खालचा कामून? वरचा न्हाई भेटला?"

शिवराजला हसू आवरेना, तो बादली घेऊन बाहेर पळाला. आप्पा हसले नाहीत. "बारावी हाय," एवढंच म्हणाले आणि पाचच्या बसने परत गेले. मी तीन दिवस शेडकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी गेलो.

आप्पांविषयी एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. तुमच्यापैकी ज्यांचे वडील मोंढ्यात होते त्यांना माहीत असेलच. सौद्याच्या वेळी पन्नास माणसं एकदम ओरडतात. नवख्याला त्यात एक शब्द कळत नाही. आप्पा डोळे मिटून धान्याच्या ढिगाऱ्याजवळ उभे राहायचे आणि कुणी कुठला भाव बोलला ते नावासकट सांगायचे. सगळा मोंढा त्यांचे कान मानायचा. आमच्या घरात देवळाच्या घंटेपेक्षा आप्पांच्या कानांची कीर्ती जास्त होती.

बारावीच्या वर्षी, डिसेंबरात, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आम्हाला वीस मिनिटं मिळाली. दुपारचा कार्यक्रम. हॉल नवा होता, वर कौलं नाहीत, पत्रे नाहीत, चांगला स्लॅब. मी आत शिरल्या शिरल्या वर बघितलं होतं. मंडपवाल्याने माणसाएवढे स्पीकर आणून ठेवले होते आणि साउंडवाल्याला आमच्या वाद्यांचं काही कळत नव्हतं. आम्हीही काही कमी अडाणी नव्हतो. निवेदकाने आम्हाला 'ऑर्केस्ट्रा' म्हणून पुकारलं. हॉल खच्चून भरला होता, पोरं, पोरांचे पालक, गावातली हौशी मंडळी.

पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्या गाण्यात माझा बेस मलाच नीट ऐकू येत नव्हता. तिसरं गाणं सुरू झालं आणि एकाएकी तो जाड आवाज हॉलभर पसरला. इतका मोठा की माझ्या दातांत जाणवला. मला वाटलं, आता जमलं. मी डोळे मिटले. खिडक्यांची तावदानं खडखडायला लागली, भिंतीवरचा संस्थापकांचा फोटो हलायला लागला म्हणे, खुर्च्या फरशीवर थरथरायला लागल्या. आणि मधून कुणीतरी ओरडलं, "हलायलंय! पळा!"

पुढचं तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. एका मिनिटात हॉल रिकामा झाला. नझीर डोळे मिटून वाजवतच होता, त्याला चार ओळींनंतर कळलं. आम्ही तिघे स्टेजवर आणि समोर उलट्यापालट्या खुर्च्या, चपला, एक फुटलेला चष्मा. भूकंप झालेल्या जिल्ह्यात माणसं पळणार, दुसरं काय करणार? गल्लीत रोज वीस घरांत जाऊन सांगणारा मी, त्या दिवशी पाचशे माणसांना एक वाक्य सांगायला विसरलो. माइक माझ्यापासून दोन हातांवर होता. सांगायचं काम माझं होतं.

आणि मग मला तिसऱ्या रांगेत आप्पा दिसले.

ते येणार हे मला माहीत नव्हतं. दोन खुर्च्यांच्या मध्ये आडवे पडले होते, तोंड स्टेजकडे. टोपी कुठेतरी गेली होती. मी उडी मारून खाली गेलो तर म्हणाले, "पाय हलवू नको माझा. मोडलाय." अगदी शांतपणे, पोतं फाटलंय असं सांगावं तसं. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात ते महिनाभर होते आणि त्या महिन्यात त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "पेपर कधीपासून हायत?"

मी माझ्या मनाशी हिशोब जुळवला. आप्पा चिडून आले होते. मला सगळ्यांसमोर स्टेजवरून खेचून न्यायला आले होते, म्हणून तोंड स्टेजकडे. आणि मला न्यायला येताना गर्दीत सापडले. त्यांना विचारायची माझी छाती झाली नाही. पाय मोडलेल्या बापाला 'तुम्ही मला मारायला आला होता का' असं कोण विचारतं? ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही, आणि आमच्या घरात जी गोष्ट एकदा बोलायची राहते ती कायमची राहते.

बेस मी शिवराजला देऊन टाकली. कुणी मला सोड म्हटलं नव्हतं, आप्पांनीही नाही. मीच सोडली. रात्रंदिवस अभ्यास करून नांदेडला इंजिनिअरिंगला लागलो. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या बाजूला खोली होती, पहाटे कीर्तन ऐकू यायचं आणि तबल्याचा डग्गा घुमला की मी उशीखाली डोकं घालायचो. मग पुणे, मग जर्मनी. आप्पा काठी घेऊन चालायला लागले. ढिगाऱ्याजवळ उभं राहणं जमेना म्हणून सौद्याला जायचे बंद झाले. त्यांच्या कानांचं काम पायाने गेलं. दुकान माझा धाकटा भाऊ मल्लू बघायला लागला.

इकडे ते दोघे थांबले नाहीत. शिवराज बारावीला आपटला आणि नझीरच्या बापाच्या बँड पार्टीत वरातीला गाऊ लागला. सोलापूरचा एक पोरगा त्यांनी बेसला घेतला. नाव ठेवलं 'पळापळ'. त्या दुपारच्या पळापळीवरून. मला पत्राने कळवलंही नाही, मी नांदेड स्टेशनजवळच्या कॅसेटच्या दुकानात ते नाव वाचलं. घरीच भरलेली कॅसेट, कव्हर हाताने काढलेलं. मी ती विकत घेतली आणि तीन दिवस पेटीतून बाहेर काढली नाही. मग ऐकली. काय सांगू, चांगली होती. माझ्याशिवाय चांगली होती.

मग पुण्याची कॉलेजं, मग मुंबई. सिनेमाची गाणी वाजवा म्हणणाऱ्यांना शिवराज स्टेजवरून तेलुगूत शिव्या द्यायचा. बरीच वर्षं हाल झाले असणार, ते कुणी मुलाखतीत विचारत नाही. मग कुणीतरी त्यांना त्या पत्र्याच्या शेडमध्ये वाजवताना शूट केलं आणि इंटरनेटवर टाकलं. नझीरने ड्रमच्या बाजूला शेडचाच एक पत्रा टांगला होता. तो थडथडणारा पत्रा जगाला आवडला. त्यांना वाटलं ही काहीतरी नवी कला आहे. आज तो पत्रा विमानाने त्यांच्याबरोबर देशोदेशी फिरतो, त्याची वेगळी पेटी आहे म्हणे. त्या वेळी अव्वा म्हणाली होती, "पत्र्याचं नशीब बघ."

आणि प्रत्येक मुलाखतीत तीच गोष्ट. "आमचा पहिला कार्यक्रम? सगळा हॉल पळून गेला! एकही माणूस थांबला नाही!" शिवराज ती फार छान सांगतो. फोटो हलला ते सांगतो, चपला सांगतो, नझीर वाजवत राहिला ते सांगतो. तिसरी रांग सांगत नाही.

एकदा इथे जर्मनीत, हानोफरच्या आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये माझा सहकारी माथियास ही गोष्ट मलाच सांगायला लागला. "तू भारताचा ना? हा बँड माहीत आहे? यांच्या पहिल्या शोला काय झालं माहीत आहे?" आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी. माझ्या समोर बटाट्याचं सॅलड होतं. मी म्हणू शकलो असतो की तो बेस मी वाजवत होतो. म्हणू शकलो असतो की माझ्या वडिलांचा पाय मोडला. पण जर्मनमध्ये ते वाक्य जुळवेपर्यंत त्याचा ब्रेक संपला. मराठीत तरी मी कुणाला सांगितलं होतं?

मागच्या उन्हाळ्यात 'पळापळ' हानोफरला आले. गावाबाहेरच्या मैदानावर फेस्टिव्हल होतं. इकडे जूनमध्ये रात्री नऊलाही ऊन असतं, त्या उन्हात वीस-बावीस हजार माणसं गवतावर उभी. तिकीट काढून मीही उभा राहिलो, बायकोला ओव्हरटाइम आहे सांगून. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला माणूस चोरासारखा गाणी ऐकायला जातो, हे तिला समजावणं अवघड होतं. शिवराजचे केस पिकलेत. आवाज तोच, बैलाचा. चार गाण्यांनंतर त्याने ती गोष्ट इंग्रजीत सांगितली. "नॉट वन पर्सन स्टेड!" मैदान हसलं. माझ्या बाजूची एक तरुण मुलगी माझ्याकडे बघून हसली, म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागच्या कुंपणाशी मी चिठ्ठी पाठवली. वाटलं होतं, कोण येतंय. पाच मिनिटांत शिवराज आणि नझीर दोघेही धावत आले. "मन्या! कुठं मेलतास बे!" नझीर रडायलाच लागला. त्यांच्या तंबूत बसवलं, चहा दिला, आणि मला जे कधी जमलं नव्हतं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, "शिवराज, एवढी एक गोष्ट सांगणं बंद कर. माझा बाप पडला त्या दिवशी. मला न्यायला आला होता आणि तुडवला गेला."

शिवराजने हातातला कप खाली ठेवला. "न्यायला?" तो म्हणाला. "तुला कुणी सांगितलं न्यायला आलते म्हणून?"

मग त्याने सांगितलं. कार्यक्रमाच्या आधी आप्पा स्टेजच्या मागे त्याला भेटले होते. म्हणाले, आमच्या पोराला सांगू नको मी आलोय म्हणून, उगा बिचकंल. एवढंच सांग, एवढ्या कालव्यात त्याचा आवाज कुठला? शिवराज म्हणाला, खाली जो जाड वाजतो ना आप्पा, तो. दोन गाणी झाली. शिवराजचं लक्ष तिसऱ्या रांगेकडे होतं. आप्पा कानामागे हात धरून बसले होते, आणि त्याच्याकडे बघून त्यांनी मान हलवली. येईना ऐकू.

"मला लई वाईट वाटलं रे," शिवराज म्हणाला. "मोंढ्यात पन्नास माणसांतून एक आवाज ओळखणारा माणूस, आन त्याला पोराचा आवाज सापडंना. मी खाली वाकून साउंडवाल्याला म्हणलं, बेस वाढव. तो म्हणला किती? मी म्हणलं, हाय तेवढा."

नझीर खाली बघत होता. त्याला माहीत होतं.

"मी तुला सांगायला दवाखान्यात दोनदा आलतो. दोन्ही बारी तू पुस्तक घेऊन बसलेला. मंग राहिलंच. मंग लोकं विचारायली पहिला शो, पहिला शो, आन मी हसून सांगायलो. हसून सांगितलं की ते दुसऱ्या कुणाचंतरी वाटतंय."

मला त्याच्या एक ठेवून द्यावी वाटली. पण मारायचं कुणाला आणि कशासाठी? त्याने माझ्या बापासाठीच केलं होतं. बाप माझ्यासाठी आला होता. मी गल्लीला सांगत फिरायचो आणि हॉलला सांगायचं विसरलो होतो. तिघांतल्या कुणी काही वाईट इच्छिलं नव्हतं, आणि एक माणूस आयुष्यभर लंगडला. मी चहा संपवला आणि ट्राममध्ये बसून घरी आलो. बायकोने विचारलं, ओव्हरटाइम कसा झाला? म्हटलं, लांबला.

रविवारी मल्लूला व्हिडिओ कॉल केला. अव्वा जाऊन चार वर्षं झाली. आप्पा आहेत, ब्याऐंशी वर्षांचे. पण त्यांचे कान गेलेत. ज्या कानांना सगळा मोंढा मानायचा ते आता फटाकाही ऐकत नाहीत. मशीन आणून दिलं तर म्हणतात, कानात माशी गेल्यासारखं होतंय, आणि काढून ठेवतात. घरात त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलतात. मी मल्लूला म्हटलं, "पाटीवर लिही. त्या दिवशी लातूरला हॉलमध्ये तुम्ही माझं वाजवणं ऐकायला आला होता का?" मल्लू म्हणाला, "आता हे कामून काढलास दादा?" मग लिहिलं.

आप्पांनी पाटी डोळ्यांजवळ धरली. मग बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने बोलायला लागले.

"आलतो की. आधी काहीच कळंना, लई कालवा. मंग आलं बग. कानात न्हाई, पायातून वर आलं. खुर्ची हलायली. म्हणलं हे आमच्या पोराचं. तेवढ्यात बाजूचा माणूस उठला, म्हणला, मालक पळा, भूकंप हाय. मी म्हणलं, बस की बाबा, भूकंप कशाचा, आमचं मन्मथ वाजवायलंय." त्यांनी पाटी मल्लूकडे परत दिली. "कोण ऐकतंय. गेले अंगावरून."

पाटी घेऊन मल्लू खाली बसला. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं. मी काहीतरी बोललो, पण बोलून काय उपयोग होता? आप्पा स्क्रीनमध्ये अगदी जवळ आले आणि म्हणाले, "वाजवतोस का अजून?" मी मान हलवून नाही म्हटलं. "बरं," ते म्हणाले. "जेवलास?"

इकडे येऊन वीस वर्षं झाली. फॉर्म भरताना 'हाइमाट' असा एक शब्द येतो, आपलं गाव, आपलं मूळ ठिकाण, असा त्याचा अर्थ. मी तिथे दरवेळी उदगीर लिहितो, पुढे जिल्हा लातूर. तुम्हीही, जे कुठे कुठे गेलात, असंच काहीतरी लिहीत असाल. आता मला त्या रकान्यात काय लिहावं ते नक्की माहीत आहे आणि ते लिहिता येत नाही. शिवराज जगभर सांगतो की एकही माणूस थांबला नाही, ते खरं नाही. तिसऱ्या रांगेत एक माणूस बसून राहिला होता, कारण सगळ्यांना जो भूकंप वाटला तो आपला मुलगा आहे हे त्याने ओळखलं होतं. माझं घर म्हणजे ती खुर्ची. मी डोळे मिटून वाजवत होतो, म्हणून मला ती दिसली नाही.